लेझरने उठवलेल्या प्लाझ्मा लाटेवर इलेक्ट्रॉन कसा पळतो?

सड्यावरून

लेझरच्या झोतातलं विद्युतक्षेत्र प्रचंड असतं, पण ते आडवं असतं. झोत पुढे जातो आणि क्षेत्र त्याच्याशी काटकोनात वर-खाली होत राहतं. ८०० नॅनोमीटरचा लेझर धरला तर हे सेकंदाला सुमारे ३७५ लाख कोटी वेळा घडतं. वाटेत मोकळा इलेक्ट्रॉन सापडला तर तो जोराने हेलकावतो, पण झोत निघून गेला की त्याच्या पदरात जवळपास काहीच पडत नाही. म्हणून नुसता लेझर मारून इलेक्ट्रॉनला वेग देता येत नाही.

मी देवगड तालुक्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. विद्युतचुंबकीय लहरींच्या तासाला एका मुलीने नेमका हाच प्रश्न केला: एवढं क्षेत्र हाताशी असताना किलोमीटरच्या किलोमीटर लांबीची यंत्रं कशाला? प्रश्न इतका चांगला आहे की त्यावर धागा काढावासा वाटला.

नेहमीच्या त्वरकात, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रात, धातूच्या पोकळ्यांमध्ये मायक्रोवेव्ह सोडतात. त्यांची रचना अशी असते की क्षेत्र प्रवासाच्या दिशेनेच लागतं. अडचण येते ती धातूची. क्षेत्र मीटरला १०० दशलक्ष व्होल्टच्या आसपास गेलं की पोकळीत ठिणग्या पडायला लागतात आणि पृष्ठभाग खराब होतो. त्यामुळे जास्त ऊर्जा हवी असेल तर लांबी वाढवण्यावाचून गत्यंतर नसतं. कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेचा सरळ त्वरक ३.२ किलोमीटर लांब आहे आणि त्यातून इलेक्ट्रॉनांना सुमारे ५० अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) मिळाले.

१९७९ मध्ये तोशिकी ताजिमा आणि जॉन डॉसन यांनी लॉस एंजेलिसमधून एक छोटासा शोधनिबंध लिहिला. त्यातली कल्पना अशी की धातूच सोडून द्यायचा. प्लाझ्मा म्हणजे आधीच फुटलेले अणू. त्यात आणखी मोडण्यासारखं काही उरलेलं नसतं. त्यात अगदी आखूड लेझर पल्स (क्षणभराचा झोत) सोडली की तिच्यामागे इलेक्ट्रॉनांची लाट उठते, आणि त्या लाटेतलं क्षेत्र प्रवासाच्या दिशेने असतं. लेझरचं आडवं क्षेत्र प्रवासाच्या दिशेने वळवून देण्याचं काम प्लाझ्मा करतो. माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे. बातम्यांमध्ये मात्र 'टेबलावर मावणारा त्वरक' एवढंच येतं आणि मुलांना वाटतं की कोणीतरी यंत्र नुसतं लहान केलं.

इथे कोणी या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलं आहे का? मला दोन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. लाट लेझरच्या वेगानेच का धावते? आणि जास्त ऊर्जा हवी असेल तर प्लाझ्मा दाट लागतो की विरळ?

हर्णै बंदर

सर, भौतिकशास्त्र माझं दहावीपर्यंतचंच, पण पहिल्या प्रश्नावर सांगतो. दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या पिछाडीला उभं राहून पाण्याकडे बघा. बोटीमागे ज्या आडव्या लाटा उठतात त्या बोटीच्या मागोमाग येतात. बोटीने वेग वाढवला की त्यांचाही वाढतो, आणि बोट त्याच वेगाने चालत राहिली तर लाट बोटीपासून तेवढ्याच अंतरावर राहते. पण त्यात पाणी कुठेच जात नाही. पाण्यावर थर्माकोलचा तुकडा असला तर तो जागच्या जागी वर-खाली होतो. धावतो तो फक्त लाटेचा आकार. लहानपणी आम्ही मोठ्या होडीच्या लाटेवर छोटी पगार (वल्ह्याची लहान होडी) घालायचो. वल्हं मारून थोडा वेग घेतला असला तरच लाट पुढे नेते, नाहीतर खालून निघून जाते. तुमच्या इलेक्ट्रॉनचंही असंच असेल का?

अबोली

छान धागा. वाचतेय.

फेम्टो

हर्णै बंदर, अगदी असंच असतं. तुमचा शेवटचा मुद्दा तर आमच्या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे, त्याकडे येतेच. मी काही वर्षं अशा एका प्रयोगशाळेत काम केलं आहे (आता माहेरी मालवणला असते), त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी लाट उठते कशी ते. पल्स साधारण ३० ते ४० फेम्टोसेकंदांची असते (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग). एवढ्या वेळात प्रकाश फक्त १० मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) आसपास जातो, म्हणजे ही पल्स प्रकाशाची एक चकतीच असते. ती २०-३० मायक्रॉनच्या ठिपक्यावर एकवटतात. तीव्रता चौरस सेंटिमीटरला एकावर अठरा शून्यं इतके वॉट झाली की हेलकावणारा इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या जवळ पोचतो. जिथे तीव्रता जास्त तिथून कमी तीव्रतेकडे इलेक्ट्रॉन बाहेर ढकलले जातात. आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू, हजारो पटींनी जड, ते एवढ्या वेळात हलत नाहीत. पल्स पुढे गेली की मागे धन प्रभाराचा पट्टा उघडा पडतो, ढकललेले इलेक्ट्रॉन त्याकडे परत ओढले जातात, पलीकडे निघून जातात, पुन्हा ओढले जातात. प्रत्येक इलेक्ट्रॉन जागेवरच झुलतो, पण पल्स जिथे आधी पोचली तिथे झुलणं आधी सुरू झालं. म्हणून आकार पल्सच्या वेगानेच धावतो. सरांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे.

पाण्याच्या आणि प्लाझ्माच्या लाटेत एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. खोल पाण्यात बोट जितकी वेगवान तितकी मागच्या लाटेची लांबी वाढते, वेगाच्या वर्गाच्या पटीत. प्लाझ्मात झुलण्याची वारंवारता फक्त घनतेवर ठरते. आणि पल्स जवळपास प्रकाशाच्याच वेगाने जाते, म्हणजे लाटेची लांबीही घनतेवरच ठरली. घन सेंटिमीटरला एकावर अठरा शून्यं इतके इलेक्ट्रॉन धरले (आपल्या हवेत जितके रेणू असतात त्याच्या सुमारे पंचविसाव्या भागाइतके) तर लाट ३३ मायक्रॉनची होते. केसाच्या जाडीपेक्षाही कमी. तेवढ्यातलाही जेमतेम चौथा भाग कामाचा, कारण इलेक्ट्रॉन पुढेही ढकलला जायला हवा आणि अक्षाकडे आवळलाही जायला हवा. या घनतेला लाटेतलं क्षेत्र मीटरला ९६ अब्ज व्होल्टपर्यंत जाऊ शकतं. सरांनी दिलेल्या धातूच्या मर्यादेच्या हजारपट.

आता पगार लाटेवर कशी चढते ते. प्लाझ्मातला साधा इलेक्ट्रॉन झुलत राहतो, लाट त्याच्या अंगाखालून निघून जाते. त्याला लाटेवर बसवायचं तर पुरेसा वेग घेऊन तो नेमक्या जागी पोचला पाहिजे. पहिला मार्ग म्हणजे लाट इतकी उंच करायची की ती स्वतःच फुटते आणि काही इलेक्ट्रॉन आपोआप आत अडकतात. पण मग कोण कधी अडकेल यावर ताबा राहत नाही आणि प्रत्येकाची ऊर्जा वेगळी येते. दुसरा मार्ग मला फार आवडतो: ज्या हेलियम वायूचा प्लाझ्मा होतो त्यात थोडा नायट्रोजन मिसळायचा. नायट्रोजनचे सगळ्यात आतले दोन इलेक्ट्रॉन इतके घट्ट असतात की पल्सच्या अगदी मध्यावर, क्षेत्र कमाल असतं तेव्हाच ते सुटतात. म्हणजे जन्मतःच ते लाटेच्या आत असतात. तिसरा मार्ग, प्लाझ्माची घनता वाटेत एकदम उतरवायची. त्याने लाट मागच्या बाजूने लांबते आणि काही इलेक्ट्रॉन आत ओढले जातात.

२००४ पर्यंत मिळणाऱ्या झोतात सगळ्या ऊर्जांचे इलेक्ट्रॉन एकत्र मिसळलेले असायचे. त्या वर्षी ब्रिटन, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या तीन गटांनी 'नेचर'च्या एकाच अंकात जवळपास एकाच ऊर्जेचे झोत दाखवले, ७० ते १७० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दरम्यानचे. या क्षेत्रातल्या लोकांचा खरा विश्वास बसला तो तेव्हापासून.

प्रयोग डोळ्यांनी बघितला तर तुम्हाला काय दिसेल? स्टीलचं निर्वात पात्र, आत मिलिमीटरभर तोंडाचा नोझल. शॉटच्या आधी झडप उघडल्याचा टक्क आवाज येतो आणि वायूचा फवारा उडतो. सगळे बाहेरच्या खोलीत, दार कुलूपबंद, कारण आत किरणोत्सर्ग होतो. चुंबकापलीकडे एक चमकणारा पडदा असतो, त्यावर कॅमेरा रोखलेला. इलेक्ट्रॉन आले तर पडद्यावर हिरवा ठिपका उमटतो. तो किती वळला यावरून ऊर्जा मोजतात. एखाद्या दिवशी सकाळपासून आरसे जुळवत बसावं लागतं आणि ठिपका संध्याकाळी उमटतो. खोलीचं तापमान एखाद्या अंशाने हललं की झोत सरकतो. हवेतल्या दमटपणाचीही फार काळजी घ्यावी लागते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वेगळं लिहिते, हा प्रतिसाद फार लांबला.

घाटमाथा

एक भर घालतो. लॉस एंजेलिसमध्ये ही कल्पना कागदावरून प्रयोगात आणणाऱ्यांत अग्रणी असलेले चंद्रशेखर जोशी जन्माने वाईचे (१९५३). सुरुवातीला इतक्या आखूड आणि जोरदार पल्स मिळतच नव्हत्या. म्हणून त्यांच्या गटाने जरा वेगळ्या तरंगलांबीचे दोन कार्बन डायऑक्साइड लेझर एकत्र सोडले. दोन्हींच्या वारंवारतेतला फरक प्लाझ्माच्या वारंवारतेशी जुळवला की लाट हळूहळू चढत जाते. १९९३ मध्ये त्यांनी बाहेरून सोडलेले इलेक्ट्रॉन अशा लाटेवर वेगवान करून दाखवले. आणि डॉसन यांच्याबरोबर प्रिन्स्टनला काम केलेले प्रेधिमान काव पुढे गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेचे संस्थापक संचालक झाले. आपल्याकडे मुलांना ही नावं ठाऊक नसतात याचं वाईट वाटतं.

सड्यावरून

घाटमाथा, वाईची गोष्ट सोमवारीच वर्गात सांगतो. आखूड पल्स मिळायला लागल्या त्याचं श्रेय डोना स्ट्रिकलंड आणि जेरार्ड मूरू यांचं. १९८५ मध्ये रॉचेस्टरला त्यांनी युक्ती काढली: पल्स आधी हजारो पटींनी ताणायची, मग तिची ऊर्जा वाढवायची आणि शेवटी विवर्तन जाळीच्या (ग्रेटिंगच्या) साहाय्याने पुन्हा आवळायची. थेट वाढवली असती तर वर्धकाचा स्फटिकच जळाला असता. २०१८ च्या नोबेलचा अर्धा वाटा त्या दोघांना मिळाला. हे स्ट्रिकलंड यांच्या पीएचडीचं काम, हे मी मुलींना मुद्दाम सांगतो.

फेम्टो

दाट की विरळ? बहुतेकांना वाटतं दाट, कारण दाट प्लाझ्मात क्षेत्र जास्त. पण उत्तर आहे विरळ.

कारण असं. लेझर पल्स प्लाझ्मात प्रकाशापेक्षा किंचित हळू जाते. इलेक्ट्रॉन एकदा वेगात आला की तो तिच्यापेक्षा पुढे सरकत राहतो आणि काही अंतराने लाटेच्या पुढे ढकलणाऱ्या भागातून निसटून मागे ओढणाऱ्या भागात जातो. तिथे थांबलं नाही तर कमावलेली ऊर्जा तो परत देऊन टाकतो. वर दिलेल्या घनतेला हे अंतर पाच-सहा सेंटिमीटर निघतं. घनता दहापट कमी केली तर क्षेत्र सुमारे तिपटीने घटतं, पण निसटायचं अंतर तिसापेक्षा जास्त पटीने वाढतं. हिशेबाअंती ऊर्जा दहापट. मात्र तेवढ्या अंतरभर पल्स टिकायला हवी. २० मायक्रॉनचा ठिपका मोकळा सोडला तर दीड-दोन मिलिमीटरमध्येच फाकायला लागतो. म्हणून नीलमण्यात कोरलेल्या बारीक नळीत हायड्रोजन भरतात आणि त्यात विद्युत्स्राव सोडतात. मध्यभागी प्लाझ्मा विरळ आणि कडेला दाट होतो, त्यामुळे प्रकाश मध्याकडे वळत राहतो.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली प्रयोगशाळेच्या गटाची वाटचाल बघितली की हे नीट दिसतं. २००६ मध्ये ३.३ सेंटिमीटरच्या नळीत १ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट. २०१४ मध्ये ९ सेंटिमीटरमध्ये ४.२ अब्ज. २०१९ मध्ये २० सेंटिमीटरमध्ये ७.८ अब्ज. दर टप्प्याला प्लाझ्मा विरळ, नळी लांब, लेझर मोठा.

अबोली

माझ्या मावशीला कॅन्सरचा शेक (रेडिएशन) घ्यायला कोकणातून दर आठवड्याला घाट चढून जावं लागलं. सोमवारी जायचं, शुक्रवारी यायचं, तिथे खोली भाड्याने. मशीन बिघडलं की दोन-दोन दिवस नुसतं बसून राहायचं. म्हणून मनापासून विचारते: या शोधाने शेक देणारी यंत्रं लहान आणि स्वस्त होतील का? तालुक्याच्या गावी येतील का?

फेम्टो

अबोली, मावशी आता बऱ्या असतील अशी आशा करते. खोटी आशा दाखवणार नाही. रुग्णालयातल्या लिनॅकमध्ये, म्हणजे शेक देणाऱ्या यंत्रात, आज मायक्रोवेव्हच वापरतात आणि त्याची त्वरक नळी मीटरभराचीच असते. इलेक्ट्रॉनांना ६ ते २० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट मिळतात आणि बहुतेक वेळा ते टंगस्टनवर आदळवून क्ष-किरण काढतात. एवढ्या ऊर्जेसाठी प्लाझ्माची गरजच नाही. जागा खातात त्या जाड काँक्रीटच्या भिंती, आणि किरणोत्सर्ग तोच असेल तर भिंतीही त्याच लागणार. तालुक्याला यंत्र न येण्याची कारणं पैसा आणि प्रशिक्षित माणसं ही आहेत.

संशोधन चाललं आहे ते वेगळ्या गोष्टीवर. १०० ते २५० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन शरीरात खोलवर पोचतात, म्हणजे खोल गाठीपर्यंत थेट इलेक्ट्रॉननेच जाता येईल. एवढ्या ऊर्जेला साधा त्वरक बराच लांब होतो, तिथे प्लाझ्माचा उपयोग होऊ शकतो. पण ते अजून प्रयोगशाळेतच आहे.

अबोली

स्पष्ट सांगितलंत, आभार. मावशी बरी आहे.

शंकेखोर

मला एक विचारायचं आहे. १९७९ पासून आजवर इतकी वर्षं गेली. या पद्धतीवर एकही मोठा कोलायडर (वेगवान कण एकमेकांवर आदळवणारं यंत्र) उभा नाही. 'काही सेंटिमीटरचा त्वरक' म्हणतात, पण त्यामागचा लेझर मोठी खोली व्यापतो आणि भिंतीतून घेतलेल्या विजेचा हजारावा भागही प्रकाशात उतरवत नाही. बर्कलीचा मोठा लेझर सेकंदाला एकच पल्स देतो, साध्या त्वरकांत सेकंदाला इलेक्ट्रॉनांचे हजारो गुच्छ निघतात. आपल्यासारख्या देशाने यावर खर्च का करावा?

फेम्टो

तुमचे तिन्ही मुद्दे खरे आहेत, आणि या क्षेत्रातले लोकही तेच बोलतात. कोलायडर अजून दूरची गोष्ट आहे. त्यासाठी एकामागून एक कित्येक टप्पे जोडावे लागतील, प्रत्येक टप्प्याला ताजी पल्स, आणि ती मायक्रॉन आणि फेम्टोसेकंदाच्या अचूकतेने जुळलेली.

पण कोलायडर हे एकच मोजमाप धरलं तर बरंच निसटतं. हॅम्बुर्गला २०२० मध्ये असं एक यंत्र सलग चोवीस तास चाललं आणि एक लाख गुच्छ दिले. त्या नोंदींवरून लेझरमधला कोणता चढउतार झोतात कसा उतरतो हे शोधता आलं. २०२१ मध्ये शांघायच्या गटाने अशा इलेक्ट्रॉनांवर मुक्त-इलेक्ट्रॉन लेझर (वेगवान इलेक्ट्रॉनांकडूनच प्रकाश काढणारा) चालवून २७ नॅनोमीटरचा प्रकाश वाढवून दाखवला. त्याला झोत अतिशय शुद्ध लागतो, त्याच्या दहा वर्षं आधी कोणी मानलं नसतं. शिवाय लाटेत झुलताना हे इलेक्ट्रॉन स्वतःच क्ष-किरण टाकतात, काही फेम्टोसेकंदांचे. हाडाच्या आतली बारीक जाळी त्यांनी टिपली आहे.

भारताचं म्हणाल तर इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात १५० टेरावॉटचा लेझर आहे आणि त्यावर इलेक्ट्रॉन प्रवेगाचे प्रयोग झाले आहेत. त्याच आवारात इंडस-२ हा साधा त्वरक आहे, १७२ मीटर घेराचं वर्तुळ, २.५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टचं. साधा त्वरक आणि प्लाझ्माचा, दोन्ही जाणणारी माणसं एका आवारात आहेत. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही अतितीव्र लेझरवर फार चांगलं काम होतं. मला विचाराल तर खर्च व्हायला हवा तो माणसं घडवण्यावर. आरसा जुळवता येणारा हात तयार व्हायला बराच काळ जातो आणि तो आयात होत नाही.

शंकेखोर

शेवटचं वाक्य पटलं. कोलायडरबद्दल माझं मत तेच आहे.

सड्यावरून

मलाही कोलायडरची घाई वाटत नाही. मुलांना यात मिळतं ते वेगळं. बारावीच्या पुस्तकातली विद्युतचुंबकीय लहर, सरल आवर्त गती, कूलोमचं आकर्षण, एवढ्याच तीन गोष्टी जोडून हे सगळं उभं राहतं. असा विषय शिक्षकाला वारंवार मिळत नाही.

कुडाळवासी

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इथे जवळपास लेझर नाही. घरच्या संगणकावर काही करून बघता येईल का?

फेम्टो

येईल, नक्की कर. कण आणि जाळी वापरून प्लाझ्माचं अनुकरण करणाऱ्या मुक्त आज्ञावली आहेत: ईपॉक, स्मायली, एफबीपिक. शेवटची पायथनमध्ये आहे. पण सुरुवात एकमितीय अनुकरणाने कर, ते साध्या लॅपटॉपवरही काही मिनिटांत होतं.

घनता वर दिली तीच घे, पल्स ४० फेम्टोसेकंदांची आणि जोर कमी ठेव, म्हणजे लाट गुळगुळीत साइन वक्रासारखी येईल. पहिल्यांदा लाटेची लांबी मोज. ३३ मायक्रॉन आली नाही तर पुढे जाऊ नकोस, एककं तपास. मग पल्स २०० फेम्टोसेकंदांची करून बघ, लाट जवळजवळ उठणारच नाही, कारण इलेक्ट्रॉनला ढकलून झाल्यावर सोडून द्यायचं राहूनच गेलं. त्यानंतर पल्स पुन्हा ४० वर आण आणि जोर वाढवत ने. लाट करवतीच्या दात्यांसारखी होईल आणि लांबीही वाढेल. ती का वाढते ते आधी स्वतः शोध, सापेक्षतेतलं वस्तुमान आठव. आलेख इथेच टाक, सगळे मिळून बघू.